एकच आरोपी, सहा खटले: मिसिसिपीतल्या एका काउंटीची फाईल

अमेरिकेतली न्यायव्यवस्था म्हटलं की आपले लोक थेट वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टावर बोलायला लागतात, पण तिथली खून-मारामारी-चोरीची बहुतेक प्रकरणं काउंटीच्या गावातल्या कोर्टहाऊसमध्ये उभी राहतात आणि तिथेच निकाली निघतात. ते कोर्टहाऊस आतून कसं चालतं हे बघायचं असेल तर माझ्या मते कर्टिस फ्लॉवर्सच्या केसइतकी चांगली केस नाही. एका माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला, चार वेळा फाशी झाली, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि या सगळ्यात जवळजवळ 23 वर्षं तो आत. सहाही वेळा सरकारी बाजूने उभा राहिलेला माणूस एकच. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, मला जे म्हणायचंय ते तिथेच आहे.

गाव विनोना, काउंटी मॉन्टगोमेरी, राज्य मिसिसिपी. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा असं लोक म्हणतात पण आकाराने तसं काही नाही, या अख्ख्या काउंटीची लोकसंख्या दहा-बारा हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजाराचं गाव. विनोनात साधारण निम्मे काळे आणि निम्मे गोरे. सगळे सगळ्यांना ओळखतात, कोण कुठल्या चर्चला जातो, कोणाची उधारी कुठल्या दुकानात आहे, सगळं. नागरी हक्क चळवळीतल्या फॅनी लू हेमर यांना जून 1963 मध्ये पोलिसांनी कोठडीत मारहाण करवली ती याच विनोनाच्या जेलमध्ये, तेव्हा या गावाचा कोर्ट-पोलिसांशी असलेला इतिहास काही कालपरवाचा नाही.

16 जुलै 1996 ला सकाळी गावातल्या टार्डी फर्निचर या दुकानात चार जणांना डोक्यात गोळ्या घातल्या गेल्या. दुकानाची मालकीण आणि तीन कामगार, त्यातला एक फक्त 16 वर्षांचा, तो काही दिवस दवाखान्यात होता मग गेला. गल्ल्यातले थोडे पैसे गायब. गोळ्या झाडताना कोणी बघितलं नाही. अशा लहान गावात एका सकाळी चार खून म्हणजे काय हाहाकार झाला असेल ते वेगळं सांगायला नको, आणि पोलिसांवर किती दबाव असेल तेही.

संशय गेला कर्टिस फ्लॉवर्सवर. वय 26, काळा, आधी कुठलाही गुन्हा नावावर नाही. त्याच दुकानात काही दिवस कामाला होता, काही बॅटऱ्यांचं नुकसान झालं म्हणून पगार कापला, मग तो कामावर यायचाच बंद झाला. म्हणजे कारण मिळालं. बाकी पुरावा काय तर दुकानात रक्तात उमटलेला फिला कंपनीच्या बुटाचा ठसा (बूट सापडले नाहीत, मैत्रिणीच्या घरी त्या बुटांचं रिकामं खोकं सापडलं), हातावर गोळीच्या दारूचा एक कण, एका नातेवाइकाच्या गाडीतून चोरीला गेलेलं म्हणे ते पिस्तूल (तेही कोर्टासमोर कधी आलं नाही), आणि त्या सकाळी तो अमुक रस्त्याने चालत जाताना दिसला असं सांगणारे बरेच साक्षीदार. रस्त्याने चालत जाणारा माणूस कोणी कुठल्या दिवशी बघितला हे इतक्या उशिरा नेमकं आठवणं, मला तरी जड जातं.

अटक झाली जानेवारी 1997 मध्ये, टेक्सासमधून. आता इथून कोर्टाची यंत्रणा सुरू होते तर ती जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मिसिसिपीत पहिली पायरी असते जस्टिस कोर्ट. काउंटीतलं सगळ्यात खालचं कोर्ट, तिथले न्यायाधीश निवडणुकीने येतात आणि ते वकील असायलाच हवेत असं काही नाही. अटकेनंतर आरोपीला आधी अशाच एखाद्या न्यायाधीशासमोर उभं करतात, आरोप काय ते सांगतात, वकील आहे का विचारतात, जामिनाचं बघतात. पण खुनासारखा मोठा गुन्हा चालवायचा अधिकार त्या कोर्टाला नाही. तो सर्किट कोर्टाचा, आणि सर्किट कोर्टात केस न्यायची तर मधे ग्रँड ज्युरी लागते. काउंटीतलेच पंधरा ते पंचवीस नागरिक बंद दाराआड बसतात, सरकारी वकील त्यांच्यासमोर त्याच्याकडचं सांगतो, आरोपी नाही, आरोपीचा वकील नाही, न्यायाधीशही नाही, आणि किमान 12 जणांनी हो म्हटलं की आरोपपत्र तयार. आपल्याकडे पोलीस चार्जशीट दाखल करतात, मग आरोप निश्चित करायच्या वेळी आरोपीचा वकील निदान डिस्चार्जचा अर्ज तरी टाकतो, तिथे या टप्प्यावर दुसरी बाजू खोलीतच नसते. म्हणून तिथले वकीलच म्हणतात की ग्रँड ज्युरीने सरकारी वकिलाला नाही म्हटलं अशी उदाहरणं फार विरळा.

आणि हा सरकारी वकील म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, डीए. हा नेमलेला नसतो, निवडून आलेला असतो. इथला डीए डग एव्हान्स, 1992 पासून खुर्चीत, त्याच्याकडे मॉन्टगोमेरी धरून सात काउंट्या. कोणावर गुन्हा लावायचा, कोणता लावायचा, फाशी मागायची की नाही, तडजोड करायची की नाही, केस उलटली तर परत चालवायची की सोडून द्यायची, हे सगळं तो ठरवतो. वर कोणी साहेब नाही ज्याला विचारावं लागतं. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे सरकारने नेमलेला, सरकार बदललं की बदलणारा, नाहीतर बड्या केससाठी विशेष म्हणून आणलेला, त्यामुळे या पदाची ताकद आपल्याला चटकन कळत नाही.

एव्हान्सने सुरुवातीला एक चाल खेळली, चार खून पण खटले वेगवेगळे. पहिला खटला फक्त मालकिणीच्या खुनाचा, ऑक्टोबर 1997. गावात सगळ्यांचं मन आधीच बनलेलं असतं म्हणून खटला दुसऱ्या काउंटीत हलवला, टुपेलोला, ली काउंटीत. ज्युरी पूर्ण गोरी. दोषी, फाशी. दुसरा खटला मार्च 1999 मध्ये, त्या 16 वर्षांच्या मुलाच्या खुनाचा, राज्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्रकिनारी हॅरिसन काउंटीत. 11 गोरे, एक काळा. दोषी, फाशी. इथे एक गंमत झाली, गंमत म्हणजे वाईट अर्थाने, त्या एका काळ्या ज्युररला एव्हान्स काढणारच होता पण न्यायाधीशाने अडवलं की तुमचं कारण खोटं आहे, हा बसणार.

इथे थांबून ज्युरी कशी निवडतात ते सांगायला हवं, कारण केस खरी तिथेच ठरते, साक्षी सुरू व्हायच्या आधी.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी. 1959 ला मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष म्हणून कौल दिला, सेशन्स जज्जला तो पटला नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली आणि पुढे जन्मठेप झाली. अमेरिकेत हे चालत नाही. तिथे ज्युरीने निर्दोष म्हटलं की विषय संपला, न्यायाधीशाला पटो न पटो. आणि मिसिसिपीत दोषी ठरवायला बाराच्या बारा लागतात, आठ-एक वगैरे भानगड नाही. म्हणजे बारा जणांत एक जरी अडून बसला तरी सरकार अडकलं. मग सरकारी वकिलाचा सगळा जीव कशात असणार, त्या बारा खुर्च्यांत कोण बसतंय यात.

काउंटीतल्या लोकांना समन्स जातात, ते कोर्टहाऊसमध्ये गोळा होतात, त्यांना प्रश्न विचारतात. ज्यांनी आधीच मत बनवलंय किंवा जे आरोपीचे सख्खे आहेत त्यांना न्यायाधीश कारण सांगून काढतो. त्यानंतर दोन्ही बाजूंना ठराविक संख्येने माणसं काढायचा हक्क असतो, काहीही कारण न देता. तोंड आवडलं नाही, काढला. या हक्कावर मुख्य बंधन 1986 च्या बॅटसन निकालाचं, की वंश बघून काढायचं नाही. समोरच्या वकिलाने हरकत घेतली की सरकारी वकिलाला वंश सोडून दुसरं कारण द्यावं लागतं, आणि ते कारण खरं की बनावट हे त्याच न्यायाधीशाने ठरवायचं. बनावट कारण द्यायला काय लागतं हो. हिने हात घडी घातली होती, त्याने नजरेला नजर दिली नाही, ही फाशीबद्दल जरा कचरतेय. बहुतेक वेळा न्यायाधीश मान डोलावतो आणि पुढे जातो.

तर मिसिसिपीच्या सुप्रीम कोर्टाने (हे राज्याचं, वॉशिंग्टनचं नव्हे, आणि त्याचे न्यायाधीशही निवडणुकीने येतात) 2000 मध्ये पहिला निकाल रद्द केला आणि 2003 मध्ये दुसरा. कारण दोन्ही वेळा एव्हान्सचंच वागणं. खटला एका खुनाचा असताना बाकीच्या तिघांचे खून ज्युरीसमोर आणले, पुराव्यात नसलेल्या गोष्टी बोलला, आधार नसलेले प्रश्न विचारले. फाशीच्या केसमध्ये राज्याच्या वरच्या कोर्टात तपासणी होतेच, त्यामुळे हे सापडलं तरी.

आता रद्द केला म्हणजे काय झालं? सुटला? नाही. आरोपीच्या अपिलावर निकाल उलटला तर त्याच गुन्ह्यासाठी परत खटला चालवता येतो, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको हे तत्त्व तिथे आड येत नाही, अपवाद फक्त पुरावाच पुरेसा नव्हता असं वरच्या कोर्टाने म्हटलं तर. ज्युरीचं एकमत झालं नाही तरी तेच, कौलच झाला नाही म्हणून परत. आणि परत म्हणजे केस कोणाकडे जाते? त्याच काउंटीच्या त्याच डीएकडे, ज्याच्या चुकीमुळे ती उलटली. त्याला दंड नाही, केस हातातून काढून घेणं नाही. उलट पहिल्या वेळेला बचावाचे साक्षीदार काय बोलतात ते ऐकून झालेलं असतं, मग पुढच्या वेळी आणखी तयारीने.

तिसरा खटला 2004, आता चारही खून एकत्र आणि विनोनातच. एव्हान्सने त्याच्या वाट्याच्या 15 च्या 15 वेळा काळ्याच माणसांना काढलं. हक्क संपले आणि एक काळा माणूस उरला, तो बसला. 11 गोरे, एक काळा, दोषी, फाशी. 2007 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हाही उलटवला, यावेळी सरळ वंशभेदाच्या कारणावर, आणि असं म्हणाले की वंशभेदाचं इतकं ठळक प्रकरण आम्ही फारसं बघितलेलं नाही. तरी केस परत एव्हान्सकडेच.

चौथा 2007. यावेळी फाशी मागितली नाही. परत 11 वेळा काळ्यांनाच काढलं पण हक्क संपले आणि पाच काळे बसले. सात गोरे दोषी म्हणाले, पाच काळे नाही म्हणाले, कौल नाही. एकच साक्षी, एकच उलटतपासणी, एकच बुटाचा ठसा, आणि खोलीत रेघ ओढल्यासारखे दोन भाग. पाचवा 2008, नऊ गोरे, तीन काळे. एक जण एकटा अडून बसला, परत कौल नाही. आणि मग त्या अडून बसलेल्या ज्युररवर, निवृत्त शिक्षक, काळा, खोटी शपथ घेतल्याचा गुन्हा लावला गेला. पुढे तो मागे घेतला, पण अकरा हजारांच्या काउंटीत पुढच्या वेळी ज्युरीत बसणाऱ्याला यातून काय समजायचं ते समजलं असणारच. मला या सगळ्या केसमधला सगळ्यात अंगावर येणारा भाग हाच वाटतो, फाशीपेक्षाही.

आता सहावा, जून 2010. हा जरा तपशिलात बघू कारण पुढे सगळं याच्यावर फिरलं.

ज्युरीसाठी सहा काळे माणसं पात्र ठरली. एव्हान्सने पहिल्याला बसू दिलं आणि पुढच्या पाचही जणांना काढलं. एकाला बसू देणं हे हुशारीचं, कारण मग म्हणता येतं बघा आम्ही एक घेतलाय. पण कोर्टातलं सगळं टाईप करून ठेवलेलं असतं आणि ते वाचलं की आकडे बोलायला लागतात. काढलेल्या पाच काळ्यांना मिळून सरकारी बाजूने 145 प्रश्न विचारले होते. बसवलेल्या 11 गोऱ्यांना मिळून 12. म्हणजे एका काळ्या माणसामागे सरासरी 29 आणि गोऱ्यामागे एक. कशाला? जास्त प्रश्न विचारले की काहीतरी निघतंच, आणि जे निघतं ते काढायचं कारण म्हणून वापरता येतं. गोऱ्याला विचारलंच नाही तर त्याच्यात काही निघणार कसं.

त्यातली एक बाई बघा. तिला काढलं त्याचं कारण दिलं की ही केसमधल्या फार लोकांना ओळखते, फ्लॉवर्सच्या वडिलांसोबत वॉलमार्टमध्ये काम केलंय, वर टार्डी फर्निचरने तिच्यावर उधारीचा दावा लावला होता. ती 34 जणांना ओळखत होती. बरं. पण एक गोरी बाई बँकेत काउंटरवर होती, फ्लॉवर्सच्या घरचे तिच्याकडे व्यवहाराला यायचे, ती केसमधल्या 31 जणांना ओळखत होती, तिला त्या ओळखीबद्दल खोदून काही विचारलं नाही. आणखी दोन गोरे, एक 27 जणांना ओळखणारा, एक 18 जणांना, त्यांनाही नाही. अशा गावात कोणीही उभा केला तरी वीस-पंचवीस जणांना ओळखणारच, ओळख हे कारण लावायचं तर अख्खं गाव बाद. पण ते कारण एकाच रंगाच्या लोकांना लावलं गेलं.

11 गोरे, एक काळा. अर्ध्या तासाच्या आसपास चर्चा केली आणि दोषी. फाशी. चार खून, 14 वर्षांचे कागद, आणि अर्धा तास.

या खटल्यात एक साक्षीदार होता जेलमधला, तो म्हणाला फ्लॉवर्सने माझ्याजवळ कबुली दिली. अशा साक्षीदारांवर जगभरात कोणाचा विश्वास असायला नको पण ज्युरीवर त्यांचा परिणाम होतो, कारण कबुली हा शब्द ऐकला की माणूस बाकीचं विसरतो. 2018 मध्ये हाच माणूस, तोवर स्वतः तीन खून करून जन्मठेपेवर, पार्चमनच्या तुरुंगातून चोरून ठेवलेल्या मोबाईलवर पत्रकारांना म्हणाला की ते सगळं मी रचलं होतं.

या पत्रकारांचं काम इथे सांगायला हवं. रेडिओवाल्यांची टीम होती, वर्षभर मिसिसिपीत मुक्काम ठोकून त्या सात काउंट्यांची कोर्टहाऊसं पालथी घातली, क्लर्कच्या ऑफिसातले जुने खोके उघडून लाखाच्या वर पानं स्कॅन केली. कारण कुठल्या ज्युररला कोणी काढलं आणि त्याचा वंश काय हे एका ठिकाणी कोणी नोंदवूनच ठेवत नव्हतं. त्यातून निघालं की 1992 पासून 2017 पर्यंत एव्हान्सच्या ऑफिसने काळ्यांना गोऱ्यांच्या जवळपास साडेचार पट प्रमाणात काढलं होतं. फ्लॉवर्सच्या केसपुरतं नाही, एकूणच. म्हणजे ही सवय होती, आणि इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यावर आली नाही कारण प्रत्येक खटल्यात न्यायाधीश फक्त त्या दिवशीचे पाच-सहा जण बघत होता.

सहाव्या खटल्याचा निकाल राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये कायम केला. 2016 मध्ये वॉशिंग्टनने परत बघा म्हणून पाठवला, 2017 मध्ये यांनी परत तेच केलं. मग अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केस स्वतःकडे घेतली आणि 21 जून 2019 ला सात विरुद्ध दोनने निकाल उलटवला. लिहिणारे न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ, म्हणजे कोणी डाव्या विचारांचे म्हणून नाव ठेवावं असेही नाहीत. त्यांनी एकाच खटल्यातल्या एका ज्युररवर बोट ठेवून न थांबता सहाही खटल्यांचा हिशोब मांडला, की काढता येण्यासारखे 42 काळे होते त्यातले 41 काढले. आणि म्हटलं की हे सगळं एकत्र धरलं तर हेतू लपत नाही.

विरोधातल्या न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी (बेंचवर तेव्हा तेच एकटे काळे) शेवटी सुनावलं की या निकालात एक चांगली गोष्ट आहे, राज्याला फ्लॉवर्सला परत दोषी ठरवायची पूर्ण मोकळीक आहे. कडवट बोलणं आहे पण कायदा म्हणून शंभर टक्के बरोबर. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट एवढंच करू शकत होतं, निकाल रद्द. केस परत विनोनाला, परत डग एव्हान्सच्या टेबलावर. सातवा खटला चालवायचा की नाही, हे पुन्हा त्यानेच ठरवायचं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निवडणूक होती, एव्हान्स उभा राहिला, समोर कोणी उभंच राहिलं नाही, बिनविरोध निवडून आला. सुप्रीम कोर्टाच्या ठपक्यानंतर पाच महिन्यांत.

निकाल उलटल्यामुळे फ्लॉवर्स आता कायद्याने शिक्षा झालेला नव्हता, नुसता आरोपी होता, म्हणून जामिनाचा अर्ज करता आला. 16 डिसेंबर 2019 ला सर्किट जज्ज जोसेफ लोपर यांनी, ज्यांनी सहावा खटला स्वतः चालवला होता, अडीच लाख डॉलरचा जामीन दिला. तिथे दहा टक्के भरले की चालतं, ते 25 हजार कोणीतरी नाव न सांगता भरले. पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा घालून तो बाहेर आला. आई त्याला सोडवायची वाट बघत 2018 मध्येच गेली होती.

जानेवारी 2020 मध्ये एव्हान्स अखेर केसमधून बाजूला झाला. कोणी काढलं नाही, बचावाच्या वकिलांनी लावून धरलं आणि तो स्वतः सरकला. केस राज्याच्या अॅटर्नी जनरल लिन फिच यांच्याकडे गेली. आणि इथे बघा, फाईल तीच, पुरावा तोच, साक्षीदार तेच, फक्त टेबल बदललं. त्यांच्या ऑफिसने काही महिने सगळं वाचलं आणि 4 सप्टेंबर 2020 ला कोर्टात अर्ज दिला की आम्हाला ही केस चालवायची नाही. कारणं साधी होती, गुन्ह्याशी थेट जोडणारा एकच साक्षीदार आणि त्याने माघार घेतली, बाकी जे मुख्य साक्षीदार आहेत ते एकतर हयात नाहीत नाहीतर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं बोललेत, आणि दुसऱ्या संशयितांकडे नीट बघितलंच गेलं नाही. लोपर यांनी त्याच दिवशी सही केली, तीही अशी की हाच आरोप परत कधी लावता येणार नाही. फ्लॉवर्सचं वय तेव्हा 50.

म्हणजे 23 वर्षांत चार फाशी, दोन फुटलेल्या ज्युरी, राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या आणि वॉशिंग्टनच्या कितीतरी फेऱ्या, यातल्या कशानेही जे झालं नाही ते सरकारी वकील बदलल्यावर आठ महिन्यांत झालं. लोक म्हणतात शेवटी सुप्रीम कोर्टाने न्याय दिला. मला नाही पटत. सुप्रीम कोर्टाने एक संधी दिली, पण एव्हान्स त्या जागी अडून राहिला असता तर सातवा खटला लागलाच असता, आणि त्याला थांबवणारं कोणी त्या काउंटीत नव्हतं. अपिलाची कोर्टं खटल्यात चूक झाली का एवढंच बघतात. हा खटला चालवावाच का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेतच येत नाही, तो प्रश्न फक्त डीएला पडू शकतो आणि त्याला तो पडला नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर एकांगी होईल. दुकानातल्या चौघांच्या घरच्यांनी सहा वेळा तेच फोटो, त्याच जखमांचं वर्णन ऐकलं, आणि त्यांच्यातल्या काहींना आजही खात्री आहे की फ्लॉवर्सनेच केलं. त्यांचा रागही कळतो. पण त्यांना अर्धवट तपास आणि सहा अर्धवट खटले देणाराही एव्हान्सच होता, हे तिथे किती जणांनी त्याला विचारलं माहीत नाही. पहिल्याच खटल्यात नियमाने वागला असता तर जो काही निकाल लागायचा तो टिकला तरी असता.

नुकसान भरपाईचं म्हणाल तर मिसिसिपीचा कायदा चुकीने तुरुंगात घालवलेल्या प्रत्येक वर्षाला 50 हजार डॉलर देतो पण एकूण पाच लाखांच्या वर नाही. म्हणजे दहा वर्षांचे पैसे मिळतात, उरलेल्या तेरांचं काही नाही. 2021 मध्ये ते पाच लाख मंजूर झाले, तेही हप्त्याने, वर्षाला 50 हजार. त्याच वर्षी त्याने एव्हान्स आणि तपास अधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला, पण अमेरिकेत सरकारी वकिलाने कोर्टात वकील म्हणून जे केलं त्यासाठी त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही असं संरक्षण आहे, त्यामुळे अशा दाव्यात हात बांधूनच उतरावं लागतं.

एव्हान्स 2022 मध्ये लोपर यांच्याच रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी सर्किट जज्जच्या निवडणुकीत उभा राहिला. यावेळी समोर उमेदवार होता, आणि तो हरला. पुढच्या वर्षी डीएची खुर्चीही सोडली. टार्डी फर्निचरमधल्या चार खुनांसाठी आज कोणीही दोषी नाही, आणि दुसऱ्या कोणावर तो गुन्हा लावायचा झाला तर ते ठरवणार त्याच सात काउंट्यांचा नवा डीए.